परीक्षकाचा मेहनताना

खाजगी विमानचालकाचा परवाना मिळण्यापूर्वीं उमेदवाराला जी शेवटची उड्डाण-परीक्षा द्यावी लागते, तिच्या परीक्षकानें त्या उमेदवाराकडून किती पैसे घ्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषयाचें नांव ऐकून कित्येक श्रोत्यांना असें वाटेल कीं, ज्यांच्या दारांत विमान नाहीं आणि पुढें येण्याचा संभवहि नाहीं, त्यांना या चर्चेशीं काय कर्तव्य? परंतु हा प्रश्न वाटतो तितका आकाशांतला नाहीं. जो आपली पारख करतो त्याचें पोट कोणीं भरावें, असा तो मूळ प्रश्न आहे. आणि तो शाळेंत, बाजारांत, दवाखान्यांत, मोटारीच्या परवान्याच्या कचेरींत, सर्वत्र आपल्यापुढें उभा असतो. विमानाच्या परीक्षेंत तो अधिक स्पष्ट दिसतो एवढेंच. कारण तेथें पारख चुकली तर त्या चुकीची भरपाई पैशांनीं होत नाहीं.

आपल्या भाषेनें या बाबतींत मोठा विवेक दाखविला आहे. गुरूला देतात ती दक्षिणा, गवयाला देतात ती बिदागी, वकिलाला देतात ती फी, कामकऱ्याला देतात ती मजुरी, कारागिराला देतात तो मेहनताना, आणि अधिकाऱ्याच्या हातांत टेबलाखालून सरकते ती लांच. नाणें तेंच, पण नांव निराळें. हें नांव रकमेवरून ठरत नाहीं. देणारा कोण, घेणारा कोण, पैसे केव्हां दिले आणि कशाबद्दल दिले, यांवरून तें ठरतें. परीक्षकाच्या हातांत पडणाऱ्या पैशाला यांपैकीं कोणतें नांव शोभेल, हें एकदां निश्चित झालें म्हणजे रकमेचा प्रश्न निम्मा सुटतो. आजच्या विवेचनाचें सूत्र हेंच आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. पहिलें महायुद्ध संपल्यावर १९१९ सालीं पॅरिस येथें हवाई वाहतुकीसंबंधीं एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या एका परिशिष्टांत खाजगी वैमानिकाची परीक्षा कशी घ्यावी याचे नियम घालून दिले होते. जमिनीवर परस्परांपासून ५०० मीटर अंतरावर दोन खांब रोवावयाचे. उमेदवारानें त्यांच्याभोंवतीं इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखीं पांच वळणें घ्यावयाचीं. उंची २०० मीटरांहून अधिक होऊं द्यावयाची नाहीं. आणि उतरल्यावर आधीं नेमलेल्या जागेपासून ५० मीटरांच्या आंत विमान उभें करावयाचें. परीक्षेचा दुसरा भाग उंचीचा. त्यांत वर चढून इंजिन बंद करावयाचें आणि विमान घसरत खालीं आणून परीक्षकांनीं ठरविलेल्या जागेच्या १५० मीटरांच्या आंत टेकवावयाचें. या परीक्षेंत उमेदवार विमानांत एकटा असे आणि परीक्षक जमिनीवर उभे असत. अंतर मोजण्याच्या कामीं फीत होती, आणि किती उंची गांठली याची साक्ष विमानांत ठेवलेलें नोंदयंत्र देई. परीक्षकाला स्वतःच्या मतासाठीं फारशी जागाच नव्हती. विमान रेषेच्या आंत थांबलें तर उमेदवार उत्तीर्ण, बाहेर गेलें तर अनुत्तीर्ण.

हिंदुस्थानांत १९२८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई इत्यादि शहरांत उड्डाणाचे क्लब निघाले. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब जुहूच्या मैदानावर डी हॅविलंड कंपनीचीं लहानशीं मॉथ विमानें उडवीत असे. तेथेंच शिकलेले जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं वैमानिकाचा परवाना मिळाला. हिंदुस्थानांत दिलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला. तो देणारी संस्था एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा ही होती, आणि त्यावर सर व्हिक्टर ससून यांची सही होती. म्हणजे पारख करणें आणि परवाना देणें हीं दोन्ही कामें क्लबांच्या मंडळींच्या हातीं होतीं. उडणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तींतलेहि बहुतेक सधन घरांतले. अशा लहान वर्तुळांत परीक्षकाच्या मेहनतान्याचा प्रश्न सार्वजनिक वादाचा होण्याचें कारण नव्हतें.

पुढें परीक्षेचें स्वरूपच पालटलें. परीक्षक जमिनीवरून उठून उमेदवाराच्या शेजारच्या खुर्चींत जाऊन बसला. या एका बदलांत आजच्या प्रश्नाचें मूळ आहे. जमिनीवरचा परीक्षक विमान कोठें थांबलें तें पाहत होता. शेजारीं बसलेला परीक्षक माणूस कसा विचार करतो तें पाहतो. आज खाजगी वैमानिकाची परीक्षा सामान्यतः अशी होते. प्रथम तोंडी प्रश्न. आजचें हवामान कसें आहे? या वजनाचीं दोन माणसें आणि इतकें इंधन घेतलें तर विमानाचा तोल कोठें पडेल? या लांबीच्या धावपट्टीवरून अशा उन्हांत तें उचलेल काय? अमुक विमानतळावर उतरतां आलें नाहीं तर पुढें काय कराल? उत्तरें समाधानकारक मिळालीं तर दोघेहि विमानाकडे जातात. तेथें उड्डाण, चढण, तीव्र वळणें, वेग अतिशय कमी झाल्यानें पंखांची उचल सुटली असतां विमान पुन्हा सांवरणें, आंखलेला मार्ग सोडून दुसरीकडे वळणें, असे एकामागून एक प्रसंग येतात. मध्येंच परीक्षक इंजिनाची शक्ति कमी करतो आणि शांतपणें म्हणतो, “इंजिन बंद पडलें आहे असें समजा.” त्या क्षणीं उमेदवाराचे डोळे आधीं कोठें जातात, हात कोठें जातात, खालचें शेत तो किती लवकर निवडतो, हें पाहण्यासाठींच परीक्षक तेथें बसलेला असतो.

एवढें सारें होईपर्यंत अर्धा दिवस सहज जातो. या काळांत परीक्षकाला शिकवावयाचें नसतें, सुचवावयाचें नसतें, चेहऱ्यावर पसंती-नापसंती दिसूं द्यावयाची नसते. आणि तरीहि प्रसंग हाताबाहेर जाण्याच्या आधल्या क्षणीं विमान आपल्या ताब्यांत घेण्याची तयारी ठेवावी लागते. ज्याच्या कौशल्याची अद्याप खात्री पटलेली नाहीं, अशा माणसाच्या हातीं आपला जीव देऊन स्वस्थ बसणें हा त्याचा धंदा. या कामाला चांगला मोबदला मिळावा याविषयीं दुमत होऊं नये. वाद आहे तो पुढेंच. हा मोबदला कोणीं द्यावा, आणि किती?

या प्रश्नाचा अनुभव सर्वांत मोठ्या प्रमाणावर अमेरिकेनें घेतला आहे. तेथील संघराज्याच्या हवाई खात्याचे पगारी निरीक्षक परीक्षा घेतात तेव्हां उमेदवाराकडून कांहीं आकारीत नाहींत. परंतु उमेदवारांची संख्या फार आणि निरीक्षकांना इतर कामेंहि फार. म्हणून खात्यानें अनुभवी खाजगी वैमानिकांना परीक्षक म्हणून नेमण्याची पद्धति घातली. या नियुक्त परीक्षकांना खात्याकडून पगार मिळत नाहीं. ते उमेदवाराकडूनच फी घेतात, आणि तिचा दर सरकार ठरवून देत नाहीं; तो वाजवी असावा अशी अपेक्षा मात्र असते. वाजवी हा शब्द किती लवचिक आहे तें व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे. पंधरावीस वर्षांपूर्वीं जी परीक्षा तीनचारशें डॉलरांत होत असे, तिला आतां आठशें ते हजार डॉलर, आणि कांहीं भागांत त्याहूनहि अधिक पडतात. हजार डॉलर म्हणजे आपल्या हिशेबानें ऐंशीनव्वद हजार रुपये.

दर इतके वाढण्याचें कारण परीक्षकांचा लोभ, असा सोपा निकाल कित्येक उमेदवार देतात. तो पूर्ण खरा नाहीं. वैमानिकांची मागणी वाढली, शिकणारे वाढले, पण परीक्षक त्या मानानें वाढले नाहींत. आणि एका परीक्षकानें एका दिवसांत किती परीक्षा घ्याव्या यालाहि मर्यादा असते. वस्तु दुर्मिळ झाली कीं भाव चढतो, हा मंडईंतला नियम येथेंहि लागू पडला. परंतु मंडईंत भाव चढला तर गृहिणी वांग्याऐवजीं दुधीभोपळा आणते. उमेदवाराला तशी सोय नाहीं. परीक्षकाच्या सहीला दुसरा पर्याय नसतो.

या पद्धतींतील आणखी दोन बारीक गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली हवामानाची. परीक्षेच्या मध्येंच ढग उतरले, वारा उठला किंवा यंत्रांत बिघाड झाला, तर परीक्षा तेथेंच थांबवितात आणि तसा लेख उमेदवाराला देतात. हें अपयश मानीत नाहींत. उरलेला भाग पुढें घेतां येतो. दुसरी नापासाची. उमेदवार एखाद्या भागांत अनुत्तीर्ण झाला तर त्याला शिक्षकाकडे परत जाऊन सराव करावा लागतो. मात्र ६० दिवसांच्या आंत पुन्हा परीक्षा दिली तर आधीं उत्तीर्ण झालेले भाग जमेस धरतां येतात. या पुनर्परीक्षेची फी पुन्हा द्यावी लागते. ती पूर्ण कीं अर्धी, हें ज्या त्या परीक्षकावर अवलंबून असतें. येथें जाणत्या माणसाला खटकल्याशिवाय राहत नाहीं. जो नापास करतो, त्यालाच नापास करण्यापासून नवी फी मिळूं शकते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपल्याकडे वैमानिकांच्या परवान्यांचें काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहतें. १९३४ च्या जुन्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली आहे. खाजगी परवान्यासाठीं वय १७ वर्षें पुरें असावें लागतें, निदान ४० तासांचें उड्डाण व्हावें लागतें, लेखी विषय सोडवावे लागतात, डॉक्टरी तपासणी व्हावी लागते आणि शेवटीं मान्यताप्राप्त परीक्षकासमोर उडून दाखवावें लागतें. या परवान्यावर पैसे घेऊन उतारू नेतां येत नाहींत. त्यासाठीं व्यावसायिक परवाना हवा, आणि त्याला २०० तासांचें उड्डाण लागतें. परीक्षक बहुधा उड्डाणशाळांतील अनुभवी शिक्षकांमधूनच येतात. जेथें परीक्षक हा त्या शाळेचाच पगारी माणूस असतो, तेथें त्याचा मेहनताना निराळा मागण्याचें कारणच उरत नाहीं; तो विमानाच्या ताशी दरांत साखरेसारखा विरघळलेला असतो. विद्यार्थ्याच्या घरच्यांना तो दिसत नाहीं, म्हणून तो नाहीं असें मात्र नव्हे.

हा सारा व्यवहार शहरांतल्या कचेरींतून पाहण्याऐवजीं एकदां खेड्यांतल्या ओट्यावरून पाहूं. पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्यांत, मंचरच्या पूर्वेला, निरगुडसर हें गांव आहे. घोड नदीच्या खोऱ्यांतला हा मुलूख; ऊंस, कांदा, बटाटा पिकविणारा. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोंकाला बारामतीचा विमानतळ आहे, आणि तेथें उड्डाणाचें शिक्षण मिळतें. अशी कल्पना करा कीं, निरगुडसरच्या एखाद्या बागाईतदाराची मुलगी बारावी उत्तीर्ण होऊन म्हणते, “बाबा, मला वैमानिक व्हावयाचें आहे.” वडील हिशेबी आहेत. ते कागद-पेन्सिल घेऊन बसतात. विमानाचा दर तासाला १५ हजार रुपये धरला, तर ४० तासांचे सहा लाख होतात. परीक्षेचें उड्डाण दोन तासांचें धरलें तर विमानाचेच ३० हजार. आणि परीक्षकाला १० हजार द्यावे लागतील असें समजलें, तरी तो पहिल्या सहा लाखांचा साठावा हिस्सा. वडील म्हणतात, एवढ्या मोठ्या डोंगरांत या खड्याचें काय?

परंतु हिशेब येथें संपत नाहीं. समजा, परीक्षक मिळण्यास महिना लागला. वैमानिकाचा हात सतारियाच्या हातासारखा असतो. सराव सुटला कीं बोटें विसरतात. म्हणून त्या महिन्यांत आठवड्याला एक तास तरी उडणें भाग पडतें. चार तासांचे ६० हजार झाले. म्हणजे परीक्षकाच्या मेहनतान्याच्या सहापट, आणि तेहि केवळ वाट पाहण्याचे. पुढें मुलगी एका भागांत अनुत्तीर्ण झाली, तर आणखी तीन तासांचा सराव, पुन्हा परीक्षेचें उड्डाण, पुन्हा मेहनताना. म्हणजे घराला खरा चटका परीक्षकाच्या फीचा बसत नाहीं; उशिराचा, अनिश्चिततेचा आणि आधीं न सांगितलेल्या आकारांचा बसतो. १० हजार आधीं सांगून घेतले तर शेतकरी ते बाजूला काढून ठेवतो. पांचच हजार ऐन वेळीं मागितले तर त्याला सावकाराचें दार आठवतें.

निरगुडसरच्या त्या बागाईतदाराला या प्रश्नाची दुसरी बाजू मात्र शहरांतल्या माणसापेक्षां लौकर कळेल, कारण त्याचें सारें आयुष्य कांट्यापुढें गेलेलें असतें. ऊंस घेणाराच ऊंस मोजणारा असला म्हणजे शेतकऱ्याच्या मनांत शंका येते. “कांटा मारला” हा वाक्प्रचार तिच्यांतूनच जन्मला. तोलणारा प्रामाणिक असेलहि. पण तो कोणाचें मीठ खातो हें शेतकरी आधीं पाहतो. बाजारांतील अडतीची गोष्ट तीच. कित्येक वर्षें माल विकणारा शेतकरी अडत भरीत आला. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचें ठरविलें. त्या वेळीं बाजारांत बंद झाले, वादंग झालें. एवढें वादंग एका लहानशा टक्केवारीसाठीं कां व्हावें? कारण मध्यस्थाचे पैसे कोणाच्या खिशांतून जातात, यावरून तो कोणाचा माणूस हें ठरतें, असें दोन्ही पक्षांना पक्कें ठाऊक होतें.

तीच दृष्टि उड्डाणशाळेकडे वळवा. येथें दोन विरुद्ध भयें संभवतात. परीक्षक स्वतंत्र असून उमेदवाराकडून दर खेपेस फी घेत असेल, तर उगाच नापास करण्याचा मोह. परीक्षक शाळेचाच असेल, तर उगाच पास करण्याचा मोह. कारण विद्यार्थी लौकर उत्तीर्ण होतात अशी कीर्ति झाली कीं शाळेकडे नवे विद्यार्थी येतात. पहिल्या मोहानें एका घराचे कांहीं हजार बुडतात. दुसऱ्या मोहानें मात्र अपुऱ्या तयारीचा वैमानिक आकाशांत जातो, आणि त्याच्या खालीं ज्यांनीं कधीं विमानाचें तिकीट काढलें नाहीं अशीं माणसें शेतांत काम करीत असतात. म्हणून विद्यार्थ्याला गोड वाटणारा दुसरा मोह पहिल्याहून अधिक घातक आहे. महाग परीक्षकाची तक्रार सर्वजण करतात. सैल परीक्षकाची तक्रार कोणीच करीत नाहीं.

हीं भयें केवळ तर्कांतलीं नाहींत. २०११ सालीं आपल्या देशांत कांहीं वैमानिकांनीं खोट्या गुणपत्रकांच्या आधारें वरच्या दर्जाचे परवाने मिळविल्याचें उघडकीस आलें. वैमानिकांबरोबर महासंचालनालयाच्या कांहीं अधिकाऱ्यांनाहि अटक झाली, आणि राजस्थानांतील एका उड्डाणशाळेवर न झालेल्या उड्डाणाचे तास वह्यांत नोंदल्याचा आरोप आला. पारखीचा कागद विकत मिळूं लागला कीं काय होतें, याचें हें उदाहरण. पुणें जिल्ह्यांतच, २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत, बारामतीच्या परिसरांत एकाच शाळेचीं दोन प्रशिक्षण-विमानें चार दिवसांच्या आंत कोसळलीं. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं. महासंचालनालयानें त्या शाळेचें उड्डाण कांहीं काळ थांबविलें. या अपघातांचा परीक्षकांच्या मेहनतान्याशीं संबंध होता असें माझें म्हणणें नाहीं. परंतु शिकाऊ विमान कोसळतें तें कोणाच्या तरी शिवारांत कोसळतें, हें त्यावरून ध्यानांत यावें.

यावर एक सरळ उपाय कोणीहि सुचवील. सर्व परीक्षा सरकारनेंच आपल्या पगारी अधिकाऱ्यांकडून विनामूल्य घ्याव्या. हा विचार आपल्या परंपरेला परका नाहीं. पेशवाईंत श्रावण महिन्यांत पुण्यास विद्वानांना दक्षिणा वाटली जाई, आणि विद्येची पारख शास्त्रीमंडळी करीत. तेथें परीक्षा देणाऱ्यानें कांहीं द्यावयाचें नसून उलट कांहीं न्यावयाचें असे, खर्च सरकारचा. परंतु विनामूल्य परीक्षेची किंमत कशांत द्यावी लागते तें निरगुडसरच्या हिशेबांत आपण पाहिलेंच. अधिकारी थोडे आणि उमेदवार फार असले, म्हणजे फुकट परीक्षेसाठीं ताटकळणें हें सशुल्क परीक्षेहून महाग पडतें. ज्याच्याजवळ वाट पाहण्याइतका पैसा आहे त्यालाच ती फुकट परीक्षा परवडते. शिवाय पगारी अधिकारी म्हणजे निःस्पृह अधिकारी, असें समीकरण २०११ नंतर तरी कोणी मांडूं नये.

दुसरा उपाय अगदीं उलट. शिकविणाऱ्याच्याच हातीं पारख सोंपवावी, म्हणजे खर्चहि नाहीं आणि विलंबहि नाहीं. मोटारींच्या बाबतींत केंद्र सरकारनें हें पाऊल टाकलें आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांतून उत्तीर्ण झालेल्या माणसाला परिवहन कचेरींत पुन्हा चालवून दाखवावें लागत नाहीं. सोय मोठी आहे; पण ज्यानें शिकविलें त्यानेंच उत्तम शिकविल्याचा दाखला द्यावा, यांत मनुष्यस्वभावावर फार भार टाकला जातो. आई मुलाला सुंदर म्हणते तें खोटें नसतें, पण तें प्रमाणहि नसतें. आकाशांत तरी हा प्रयोग जपून करावा.

मग मार्ग कोणता? तो शोधण्यासाठीं परदेशीं जावयास नको. आपल्या वाण्याच्या दुकानांतला कांटा पाहिला तरी पुरे. वजनमापें खात्याचा निरीक्षक दुकानदाराचीं वजनें तपासतो आणि शिक्का मारतो. या तपासणीचा आकार दुकानदारच भरतो. गिऱ्हाईक नव्हे, सरकारहि नव्हे. तरीहि आपण त्या शिक्क्यावर विश्वास ठेवतों. कां? कारण आकार नियमांत छापलेला असतो, तो सरकारी खजिन्यांत जमा होतो, आणि वजन खरें निघो कीं खोटें, त्यानें निरीक्षकाची मिळकत वाढत नाहीं कीं घटत नाहीं. पारख करून घेणाऱ्यानें पैसे देणें यांत गैर कांहीं नाहीं. गैर आहे तें देणाऱ्याचा हात आणि पारख करणाऱ्याचा हात एकमेकांस लागणें.

याच तत्त्वावर वैमानिकांच्या परीक्षेची व्यवस्था करतां येईल. परीक्षेचा आकार आधीं प्रसिद्ध व्हावा, आणि त्यांत परीक्षकाचा मेहनताना, प्रवासखर्च व विमानाचें भाडें हीं निरनिराळीं दाखवावीं. उमेदवारानें ती रक्कम महासंचालनालयाकडे परीक्षेपूर्वीं भरावी, आणि तेथून ती परीक्षकाला मिळावी. निकाल कोणताहि लागो, रक्कम तीच. परीक्षक उमेदवारानें निवडूं नये आणि शाळेनेंहि निवडूं नये. यादींतून पाळीपाळीनें नेमावा, आणि होतां होईल तो दुसऱ्या शाळेचा असावा. हवामानानें परीक्षा थांबली तर पुढल्या खेपेस केवळ प्रवासखर्च घ्यावा. उमेदवार अनुत्तीर्ण झाला तर पुनर्परीक्षा दुसऱ्या परीक्षकानें घ्यावी, म्हणजे नापास करण्यांत कोणाचाच लाभ उरणार नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे परीक्षक पुरेसे नेमावे व त्यांना पोटभर द्यावें. मेहनताना हात राखून दिला कीं चांगले वैमानिक परीक्षकाच्या खुर्चींत बसत नाहींत; ते विमानकंपन्यांत जातात, आणि मागें उरलेल्यांच्या दारापुढें रांग लागते. रांग वाढली कीं टेबलाखालचा मार्ग आपोआप उघडतो.

यांतील कित्येक गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. पण एक गोष्ट पालकांच्या हातची आहे. मुलाला किंवा मुलीला उड्डाणशाळेंत घालण्यापूर्वीं ताशी दर विचारून थांबूं नये. परीक्षा कोण घेतो, तो शाळेचा कीं बाहेरचा, त्याचा आकार दरांत धरलेला आहे कीं निराळा, परीक्षेची तारीख मिळण्यास सामान्यतः किती दिवस लागतात, हवामानानें परीक्षा थांबली तर काय, नापास झाल्यास काय, हे सहा प्रश्न लेखी विचारावे आणि उत्तरें लेखी घ्यावीं. चांगल्या शाळेला या प्रश्नांचा राग येणार नाहीं. आणि “आमच्याकडे कोणी नापास होतच नाहीं” असें उत्तर एखाद्या शाळेनें अभिमानानें दिलें, तर तेथून आदरपूर्वक नमस्कार करून उठावें. ज्या चाळणींतून सर्वच खालीं पडतें ती चाळण नव्हे. ती नुसती बुडाला भोंकें पडलेली परात.

श्रोतेहो, आरंभीं विचारलेल्या नांवाच्या प्रश्नाकडे जातां जातां येऊं. परीक्षकाला देतात ती दक्षिणा नव्हे, कारण त्यानें शिकविलेलें नाहीं. ती बिदागी नव्हे, कारण त्यानें आपलें मन रिझविलेलें नाहीं. उलट पुष्कळदां तें दुखविलें आहे. तो आहे मेहनताना, आणि तोहि एका विचित्र मेहनतीचा. ज्याच्याकडून तो येतो त्याला प्रसंगीं “नाहीं” म्हणण्याची ती मेहनत. निरगुडसरची ती कल्पनेंतली मुलगी उद्यां खरोखरच परीक्षेला बसली, तर तिच्या वडिलांनीं परीक्षकाचा आकार देतांना हात आंखडूं नये. तो आकार आधीं छापलेला आणि योग्य ठिकाणीं भरलेला आहे ना, एवढेंच पाहावें. कारण त्या पैशांत ते मुलीसाठीं होकार विकत घेत नसून, तिची तयारी कच्ची असेल तर वेळेवर मिळणारा नकार विकत घेत असतात. आणि पुढें कधीं हजार मीटर उंचीवर इंजिन खरोखरच बंद पडलें, तर त्या नकारानंतर केलेला सरावच तिला सुखरूप खालीं आणील.